‘हीटरची कॉइल गेली’ म्हणतात? आधी पांढरं फडकं आणा!

मैत्रिणींनो, धाराशिवसारख्या गावात बसून मोटारीच्या हीटरवर लेख कशाला, असं तुम्हाला वाटेल. बरोबरच आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. उन्हात उभी केलेली गाडी उघडली की आतून भट्टीची धगच अंगावर येते. हिवाळ्यात बालाघाटच्या पठारावर पहाटेची थंडी बोचते खरी, पण ती एका शालीत भागणारी. गाडीतल्या हीटरचं बटण कोणतं, हेसुद्धा आपल्यातल्या कितीतरी जणींना ठाऊक नसेल. मला तरी कुठे होतं? आणि जो हीटर आम्ही सात वर्षांत सात वेळासुद्धा लावला नसेल, त्याच्याच दुरुस्तीचं ११,९०० रुपयांचं एस्टिमेट गेल्या श्रावणात माझ्या हातात पडलं!

झालं असं. मंगळवारी सासूबाईंना घेऊन तुळजापूरला दर्शनाला गेले होते. पावसाची भुरभुर होती, समोरच्या काचेवर वाफ धरत होती, म्हणून जाताना-येताना एसी चालू ठेवला होता. परतीच्या वाटेवर सासूबाई म्हणाल्या, “अगं, पायाखाली ओलं लागतंय.” मला वाटलं, तीर्थाची बाटली कलंडली असेल. घरी आल्यावर मॅट काढून झटकली, वाळत घातली. दोन दिवसांनी पाहते तो पुन्हा तेच. मॅटखालचा गालिचा दाबला तर पिळून निघेल इतका भिजलेला, आणि दार उघडताच कुबट वास.

नेहमीच्या मेकॅनिककडे गाडी नेली. त्याने वाकून अंगठ्याने गालिचा दाबला आणि उभ्या उभ्या निकाल दिला. “हीटरची कॉइल गेली, वहिनी. डॅशबोर्ड उघडावा लागेल. साहेबांना सांगा, उद्या गाडी लावा.” एका कागदाच्या पाठीवर त्याने आकडे मांडले: हीटर कॉइल ३,८००, मजुरी ५,०००, कूलंट ९००, एसी गॅस १,५००, मटेरियल ७००. एकूण ११,९००.

आता तुम्हाला सांगायला हरकत नाही, त्या महिन्यात बरोबर बारा हजार रुपये मी डब्यात बाजूला काढून ठेवले होते. धाकटी लातूरला शिकायला गेली आहे, तिच्या वसतिगृहाचा हप्ता होता तो. संध्याकाळी मी कागद ह्यांच्यापुढे ठेवला. ह्यांनी चष्मा लावून आकडे वाचले आणि म्हणाले, “तो म्हणतोय तर करून टाकू. हप्त्याचं बघू काहीतरी. आपल्याला त्यातलं काय कळतं?”

हेच वाक्य मला टोचलं. आपल्याला त्यातलं काय कळतं! अहो, किराण्याच्या यादीत पावशेर जिरं जास्त लागलं तर आपल्याला कळतं. शिंप्याने अस्तराचं कापड किती मागावं हे कळतं. दुधात पाणी आहे की नाही, हे दुधाकडे पाहून कळतं. मग पाच ओळींचं हे बिल आपल्याला का कळू नये?

माझे वडील एसटीच्या कार्यशाळेत होते. गाड्यांतलं मला त्यांनी काही शिकवलं नाही, पण त्यांचं एक बोलणं कानात बसलेलं होतं. ते म्हणायचे, आधी काय गळतंय ते बघावं, मग कुठून गळतंय ते बघावं, आणि पैशांचं सगळ्यात शेवटी बोलावं. दुसऱ्या दिवशी मी एकटीच गॅरेजवर गेले आणि मेकॅनिकला एवढंच विचारलं, “भाऊ, कॉइलच गळतेय हे तुम्ही कशावरून ओळखलं?”

तो म्हणाला, “ओल आहे ना खाली.”

“ओल मलाही दिसली. पण ती कशाची आहे?”

यावर तो गप्प झाला. मी दोन दिवसांची मुदत मागून घेतली आणि गाडी घरी आणली.

हीटर म्हणजे गाडीतला बंब

पुढचं समजायचं तर हीटर म्हणजे काय, हे थोडक्यात बघू या. त्यात अवघड काही नाही. न्हाणीघरातला तांब्याचा बंब आठवा. आत जाळ, भोवती पाणी. गाडीचं इंजिनही तसंच आहे. आत पेट्रोल किंवा डिझेल जळतं आणि भोवती पाणी खेळतं. हे पाणी साधं नसतं. ते गंजू नये, लवकर उकळू नये म्हणून त्यात औषध घातलेलं असतं. यालाच कूलंट म्हणतात. ते मुद्दाम हिरवं, गुलाबी, निळं किंवा नारिंगी रंगवलेलं असतं, कारण कुठे गळलं तर चटकन ओळखू यावं. हा रंग लक्षात ठेवा, पुढे तोच आपल्या कामाला येणार आहे.

इंजिन तापलं की हे पाणी नव्वद अंशांच्या आसपास जातं. त्यातली उष्णता बाहेर टाकण्यासाठी पुढे मोठा रेडिएटर असतो. पण त्याच पाण्याचा एक लहानसा फाटा दोन रबरी पाइपांतून डॅशबोर्डच्या पोटात नेलेला असतो. तिथे एक छोटी जाळी बसवलेली असते, हाताच्या पंज्यापेक्षा थोडी मोठी. हीच ती हीटरची कॉइल. पंख्याची हवा तिच्यावरून गेली की गरम होऊन आत येते. म्हणजे हीटरला वेगळं जळण लागत नाही, बंबाच्या उरलेल्या धगीवरच तो चालतो. (विजेवर चालणाऱ्या गाडीला असा बंब नसतो. तिचा हीटर बॅटरीवर चालतो, त्यामुळे तिची गोष्ट वेगळी.)

आता मजा बघा. या हीटरच्या कॉइलच्या शेजारीच, बहुतेक गाड्यांत एकाच पेटीत, एसीची गार कॉइल बसवलेली असते. थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून जसा घाम फुटतो, तसा या गार कॉइलला सतत घाम फुटतो. ते पाणी एका बारीक नळीने गाडीखाली ठिबकत जातं. उभ्या गाडीखाली थारोळं दिसतं ना, ते हेच. ही नळी धुळीने, पाल्याने बुजली की पाणी बाहेर जायच्या ऐवजी आत, डाव्या बाजूला बसणाराच्या पायाशी उतरतं. हीटरची कॉइल फुटली तरी पाणी साधारण तिथेच उतरतं! ओल एकाच जागी, पण कारणं दोन. एकाला डॅशबोर्ड उघडावा लागतो, दुसऱ्याला नुसती तार घालून भागतं.

तीन पाणी, तीन खुणा

खरं तर कारणं दोन नव्हे, तीन. पावसाळ्यात तिसरं पाणीही असतं, पावसाचं. तिन्ही ओळखायला घरातलं जुनं, स्वच्छ पांढरं फडकं पुरतं. मॅट बाजूला करा, फडक्याची घडी ओल्या गालिच्यावर ठेवून तळव्याने दाबा आणि उजेडात नेऊन पाहा.

फडक्यावर रंग उमटला, बोटांना चिकट-तेलकट लागलं, गोडसर वास आला, तर ते कूलंट. शिवाय अशा वेळी समोरच्या काचेवर आतून तेलकट धुकं धरतं. पुसलं तर जात नाही, उलट पसरतं. आणि सगळ्यात मोठी खूण म्हणजे इंजिनजवळच्या पांढुरक्या बाटलीतली कूलंटची पातळी दिवसेंदिवस उतरत जाते. मात्र एक सांभाळा. कूलंट विषारी असतं. चव तर चुकूनही पाहू नका, हात साबणाने धुवा, आणि लहान मुलं किंवा मांजर-कुत्रं त्या ओलीजवळ जाऊ देऊ नका. गोडसर असल्यामुळे ती त्याला तोंड लावतात.

फडकं नुसतंच ओलं झालं, फार तर धुळीने मळलं, आणि ओल एसी लावल्यावरच वाढत असेल, तर ते एसीचं पाणी. याची पडताळणी सोपी आहे. दमट दिवशी गाडी मोकळ्या जागेत उभी करून पंधरा-वीस मिनिटं एसी चालू ठेवा. गाडीखाली पाणी ठिबकलं पाहिजे. ठिबकत नसेल तर नळी बुजली असं समजायला हरकत नाही. हे पावसाळ्यातच नीट कळतं. आपल्या मे महिन्यातल्या कोरड्या हवेत एसीला घामच थोडा येतो.

एसी लावला नाही, गाडी नुसती पावसात उभी होती, तरीही आत ओल आली, तर ते पावसाचं पाणी. वायपरखालच्या जाळीत कडुनिंबाचा पाला साचला, किंवा दाराचं रबर निघालं की असं होतं. गाडी झाडाखाली लावणाऱ्यांनी ती जाळी दर पंधरा दिवसांनी हाताने साफ करावी.

मी तिन्ही करून पाहिलं. फडक्यावर रंग नाही. कूलंटच्या बाटलीवर सकाळी, इंजिन गार असताना, पातळीच्या रेषेत चिकटपट्टीचा तुकडा लावून ठेवला. दोन दिवस गाडी चालवूनही पाणी तसूभर उतरलं नाही. आणि वीस मिनिटं एसी चालवला तरी गाडीखाली एक थेंब नाही.

तिसऱ्या दिवशी हे सगळं मेकॅनिकला सांगितलं. तो काही बोलला नाही. खाली सरकला, एक बारीक नळी शोधून काढली, हवेचा हलका झोत दिला आणि भसकन तांब्याभर गढूळ पाणी खाली आलं. मजुरीचे २०० रुपये झाले. गालिचा मात्र मलाच वाळवावा लागला. उचलून खाली वर्तमानपत्रांच्या घड्या घातल्या, दोन दिवस दारं उघडी ठेवून ऊन दिलं, मग खायचा सोडा भुरभुरून रात्रभर ठेवला आणि सकाळी ब्रशने झाडून काढला. कुबट वास गेला. हप्ताही वेळेवर गेला.

आता या मेकॅनिकला लबाड म्हणायचं का? मी म्हणणार नाही. त्याने खोटं सांगितलं नव्हतं, अंदाज सांगितला होता, आणि अंदाजालाच निदान समजला होता. पण यातली खरी गोम वेगळीच आहे. आम्ही ते ११,९०० रुपये दिले असते, तर त्याने डॅशबोर्ड उघडला असता, नवी कॉइल घातली असती, उघडलंच आहे तर नळीही साफ झाली असती, आणि गळती थांबली असती! आम्ही म्हणालो असतो, “बघा, कॉइलच गेली होती.” चुकीचं निदानसुद्धा असं खरं ठरून जातं, आणि आपण आयुष्यभर त्याचे आभार मानतो. म्हणून दुरुस्तीनंतर नव्हे, दुरुस्तीच्या आधी विचारायचं.

पण एस्टिमेट खरंही असतं

ही गोष्ट ऐकून कुणी लगेच असं ठरवू नका की मेकॅनिकने मोठा आकडा सांगितला की तो फसवतोच. उमरग्याला माझ्या वन्सं आहेत. माझा प्रताप ऐकून त्यांनीही आपल्या गाडीत फडकं दाबलं, कारण त्यांच्याही पायाशी ओल होती. त्यांचं फडकं गुलाबी झालं! बाटलीतलं कूलंट चार दिवसांत वरच्या खुणेवरून खालच्या खुणेखाली गेलेलं, आणि रात्री समोरून ट्रकचा उजेड आला की काच धूसर. त्यांच्या मेकॅनिकचं निदान अगदी बरोबर होतं.

अशा वेळी “बघू दिवाळीनंतर” म्हणून चालत नाही. कूलंट गळत राहिलं की एक दिवस महामार्गावर इंजिन तापतं. तापलेलं इंजिन तसंच दामटलं की हेड गॅस्केट जातं, कधी इंजिनचं डोकंच वाकतं, आणि मग हीटरचं एस्टिमेट परवडलं असं म्हणायची पाळी येते. गाडी चालवताना तापमानाचा काटा लाल खुणेकडे गेला तर बाजूला थांबा, इंजिन बंद करा, आणि पूर्ण गार झाल्याशिवाय रेडिएटरचं झाकण उघडू नका. आतलं उकळतं पाणी दाबाखाली असतं, तोंडावर उडतं.

वन्संना तीन आकडे मिळाले. सोलापूरच्या कंपनीच्या वर्कशॉपचा १४,६००, गावातल्या मेकॅनिकचा ८,२००, आणि त्याच मेकॅनिकने सुचवलेली तिसरी वाट, फक्त ७०० रुपयांची. ती म्हणजे हीटर बायपास करणं. कॉइलकडे जाणारे दोन्ही पाइप इंजिनच्या बाजूलाच काढायचे आणि एकमेकांना जोडून टाकायचे. गरम पाणी फुटक्या कॉइलमध्ये जातच नाही, गळती बंद. हीटर मात्र मिळत नाही.

आपल्या भागात हा विचार वेडगळ नाही. वर्षातून चार दिवस लागणाऱ्या गोष्टीवर किती खर्चायचं, हे आपणच ठरवायचं. पावसात काचेवरची वाफ एसीनेही जाते. पण बायपास करताना तीन गोष्टी बघा. पाइपांना बूच मारून ते बंद करू देऊ नका, एकमेकांना जोडूनच घ्या. काही गाड्यांत पाणी या वाटेने फिरत राहणं इंजिनला आवश्यक असतं. तुमच्या गाडीला बायपास चालतो का, हे कंपनीच्या वर्कशॉपला फोन करून विचारा. गाडी वॉरंटीत असेल तर या वाटेला जाऊच नका. आणि बिलावर “हीटर बायपास केला आहे” असं स्पष्ट लिहून घ्या. पुढच्या मेकॅनिकला ते कळलं पाहिजे आणि उद्या गाडी विकलीत तर घेणाऱ्यालाही. वन्संनी विचारून-सवरून बायपास केला आणि पहाटेच्या प्रवासासाठी गाडीत एक जादा शाल ठेवली.

माझी भाची अमेरिकेत मिनियापोलिसला असते. तिला हे सांगितलं तर ती हसली. तिथे जानेवारीत पारा शून्याच्या कितीतरी खाली जातो, काचेवर बर्फाचा थर धरतो. हीटर नसेल तर समोरचं दिसतच नाही. तिथे बायपास करणं म्हणजे डोळ्यांवर पट्टी बांधून गाडी चालवणं. बिघाड तोच, कॉइल तीच, पण गाव बदललं की निर्णय बदलतो. तिने आणखी एक कामाची गोष्ट सांगितली. तिथे मजुरी तासावर लावतात आणि कोणत्या कामाला किती तास धरायचे, हे आधीच ठरलेलं असतं. ही सवय आपणही उचलावी. “मजुरी किती?” याच्या जोडीला “काम किती तासांचं?” हेही विचारावं.

हीटर बिघडतो आणि तक्रार एसीची होते

आपल्याकडे हीटरचा आणखी एक बिघाड उन्हाळ्यात डोकं वर काढतो. गार-गरम करणारी मूठ फिरवली की आत एक झडप सरकते. ती हवा गार कॉइलवरून आणायची की गरम कॉइलवरून, हे ठरवते. ही झडप गरम बाजूला अडकली, किंवा तिची तार निसटली, की एसी धडधाकट असूनही आत कोमट हवा येते. मग “गॅस संपला”, “कॉम्प्रेसर गेला” अशी मोठी नावं कानावर येतात. एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही, हे लक्षात ठेवा. तो बंद नळ्यांत फिरत असतो. वर्षानुवर्षांत थोडाफार झिरपतो, पण दरवर्षी भरावा लागत असेल तर कुठेतरी गळती आहे. ती शोधल्याशिवाय गॅस भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं. कॉम्प्रेसर बदलायच्या आधी “ती झडप पाहिलीत का?” एवढं जरूर विचारा.

आणि हिवाळ्यात हीटर लावूनही गरम हवा आली नाही, तर खर्च स्वस्ताकडून महागाकडे जावा. आधी कूलंट पुरेसं आहे का ते बघायचं. पंखाच फिरत नसेल तर फ्यूज. मग हीटरकडे जाणारे दोन पाइप. गाडी तापल्यावर इंजिन बंद करून मेकॅनिकला ते जपून चाचपायला सांगा. दोन्ही गरम असतील तर पाणी नीट येतंय, दोष बहुधा झडपेचा. एक गरम आणि एक गार असेल तर कॉइल आतून तुंबली आहे किंवा पाणी कुठेतरी अडलंय. कॉइल धुऊन पाहता येते. दोन्ही कोमटच असतील तर कूलंट कमी आहे, हवा अडकली आहे, किंवा थर्मोस्टॅट उघडाच राहिला आहे. कॉइल बदलायचा विषय हे सगळं झाल्यावर.

पाच ओळींचं बिल वाचू या

आता माझ्या त्या कागदाकडे परत येऊ. निदान चुकलं होतं, पण आकडे सगळे चुकीचे नव्हते. तुमच्या हाती असं एस्टिमेट पडलं तर ओळीओळीने असं वाचा.

वस्तू. कंपनीची, बाजारातली की जुनी काढलेली? तिन्हींच्या किमतीत मोठा फरक असतो, म्हणून एस्टिमेटवर तसं लिहून घ्या. खोक्यावर छापील किंमत असते, त्याहून जास्त घेता येत नाही. खोकं बघायला मागायला लाजू नका.

मजुरी. वस्तूपेक्षा मजुरी जास्त दिसली की आपण बिचकतो. हीटरच्या कॉइलच्या बाबतीत मात्र ते साहजिक आहे. वस्तू लहान, पण तिच्यापर्यंत पोचायला सगळा डॅशबोर्ड सोडवावा लागतो, आणि परत एकेक खटका न तुटता बसवावा लागतो. बऱ्याच गाड्यांत एक-दोन दिवस मोडतात. इथे घासाघीस फार करू नका. घाईत बसवलेला डॅशबोर्ड पुढे जन्मभर खडखडतो.

कूलंट. कॉइल बदलताना पाणी काढावंच लागतं, तेव्हा ही ओळ योग्य. फक्त आपल्या गाडीच्या पुस्तकात सांगितलेलंच कूलंट घालतायत ना, हे बघा. वेगवेगळ्या जातींची कूलंट एकमेकांत मिसळू नयेत.

एसी गॅस. हीटर आणि गॅस यांचा काय संबंध, असं मलाही वाटलं होतं. पण दोन्ही कॉइल एकाच पेटीत असतील आणि पेटी बाहेर काढायची असेल, तर एसीच्या नळ्या सोडवाव्या लागतात, गॅस काढून पुन्हा भरावा लागतो. तेव्हा ही ओळही खरी असू शकते. काही गाड्यांत मात्र कॉइल बाजूने ओढून निघते. “माझ्या गाडीत पेटी काढावी लागते का?” हा प्रश्न विचारा.

मटेरियल. हा शब्द आपल्या किराण्याच्या यादीतल्या ‘किरकोळ’सारखा आहे. त्यात काय काय, ते विचारा. क्लिपा, वॉशर, रबर असेल तर तसं लिहायला सांगा. आमच्या ७०० रुपयांत काय होतं, हे शेवटपर्यंत कळलं नाही.

याशिवाय चार अटी आधीच बोलून घ्या. जुनी वस्तू परत द्यायची. कामाची हमी किती महिन्यांची, ते बिलावर लिहायचं. काम करताना आणखी काही निघालं तर आधी फोन करायचा, मग हात लावायचा. आणि दुसऱ्या मेकॅनिकचं मत घ्यायचं असेल तर पहिल्याने काय सांगितलं ते त्याला सांगू नका. नुसती ओल दाखवा. दोघांनी स्वतंत्रपणे एकच सांगितलं तर निर्धास्त पैसे द्या. तपासणीचे शे-दोनशे रुपये मागितले तर आनंदाने द्या. डॉक्टरची फी आपण देतोच ना?

बिल मागणं म्हणजे अविश्वास नव्हे

आपल्या गावात सगळे ओळखीचे, त्यामुळे बिल मागायचा संकोच वाटतो. पण २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे दिलेल्या वस्तूचं किंवा सेवेचं बिल न देणं ही अनुचित प्रथा मानली आहे. बिलावर जीएसटी लावला असेल तर पंधरा अक्षरांचा जीएसटी क्रमांक असलाच पाहिजे. महाराष्ट्रातला असेल तर तो २७ ने सुरू होतो. ज्या गॅरेजची नोंदणीच नाही, त्याला जीएसटी लावता येत नाही. गॅरेज लहान असेल तर साध्या पावतीवर सही-तारीख पुरे.

खरोखरच फसवणूक झाली आणि बोलून मिटलं नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर फोन करता येतो. तिथेही भागलं नाही, तर धाराशिवच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही. हातात कागद मात्र हवा. आणि खरं सांगू? कागद असला की शंभरातली नव्वद भांडणं तिथवर जातच नाहीत.

आता आमच्या गाडीच्या कप्प्यात एक शंभरपानी वही असते. तारीख, किलोमीटर, काय केलं, किती दिले, हमी किती, एवढंच लिहिते. घरच्या हिशेबाच्या वहीसारखीच. परवा त्याच मेकॅनिककडे ब्रेकच्या कामासाठी गेले होते. हो, आम्ही अजून त्याच्याकडेच जातो, हात चांगला आहे त्याचा. चाक काढलं, आणि एस्टिमेट लिहायच्या आधी त्याने मला जवळ बोलावलं. “वहिनी, हे बघा, पॅड इतकं झिजलंय.” मी वाकून बघितलं. खरंच झिजलं होतं. मी म्हटलं, “घाला नवीन.”

साहेबांना विचारा, असं या वेळी तो म्हणाला नाही. आणि ह्यांना मी संध्याकाळी चहा घेताना सांगितलं, वहीत लिहून झाल्यावर.